मॉरिस स्टोक्स : ड्राफ्टमधला दुसरा नंबर

मराठी विभागासाठी काहीतरी लिही, असं संपादक मंडळातल्या ताईने सांगितलं तेव्हा मी आधी सरळ नाही म्हणाले. पहिली ते दहावी कॉन्व्हेंटमध्ये गेलेली मी! मराठीच्या तासाला खिडकीबाहेर बघायचं आणि परीक्षेच्या आदल्या रात्री गाईड वाचायचं, एवढाच माझा मराठीशी संबंध. पण ताई ऐकणारी नव्हती. तू कॉलेजच्या टीममध्ये बास्केटबॉल खेळतेस ना, मग त्यावरच लिही म्हणाली. एन.बी.ए.चा ड्राफ्ट असतो ना दरवर्षी, त्यावर लिही. तेव्हा मित्रमैत्रिणींनो, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला आणि पुढे वाचा.

मी ठरवलं होतं की सगळ्यांना माहीत असलेल्या मोठमोठ्या नावांवर लिहायचं. १९८४ च्या ड्राफ्टमध्ये मायकल जॉर्डन तिसरा होता. त्याच्या आधी दोन टीम्सनी दुसऱ्याच कुणाला घेतलं, आणि त्याचा पस्तावा लोक आजही चघळतात. २००३ मध्ये लेब्रॉन जेम्स शाळेतून थेट पहिला नंबर. २०१५ मध्ये आपला पंजाबचा सतनाम सिंग ५२ व्या नंबरवर डलासच्या टीमने घेतला, ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला भारतीय. पण जुन्या याद्या चाळता चाळता १९५५ च्या यादीपाशी मी थांबले, आणि मग बाकीचं सगळं राहूनच गेलं.

आधी ड्राफ्ट म्हणजे काय ते सांगते, कारण हॉस्टेलमध्ये क्रिकेटशिवाय दुसरं काही बघणारे कमीच! आपल्या कॅप राउंडच्या बरोबर उलटा प्रकार समजा. कॅप राउंडमध्ये आपण कॉलेजची नावं भरतो आणि ज्याचा मेरिट नंबर वर, त्याला आधी मिळतं. ड्राफ्टमध्ये खेळाडू काहीच भरत नाही. टीम्स खेळाडू निवडतात, आणि मागच्या वर्षी जी टीम सगळ्यात वाईट खेळली तिला आधी निवडू देतात. म्हणजे वर्गात शेवटच्या आलेल्याला प्रोजेक्टसाठी सगळ्यात हुशार पार्टनर आधी मिळावा, तसं. हेतू हा की दुबळी टीम सावरावी, दरवर्षी तीच टीम जिंकू नये. ही पद्धत १९४७ मध्ये सुरू झाली. तेव्हा एन.बी.ए. हे नावसुद्धा नव्हतं, ते १९४९ मध्ये दोन लीग एकत्र झाल्यावर आलं. पुढे चांगला नंबर मिळावा म्हणून टीम्स मुद्दाम हरतात की काय अशी शंका यायला लागली, म्हणून १९८५ पासून लॉटरी आली. नंतर तर १४ चेंडू मशीनमध्ये घोळवून त्यातले ४ काढायची पद्धत सुरू झाली. चौदातून चार काढायचे किती प्रकार होतात? १००१. गणिताच्या सरांनी तपासून घ्यावं!

पण १९५५ साली यातलं काही नव्हतं. ना टी.व्ही., ना टाय घालून स्टेजवर जाणारी मुलं. मोजून आठ टीम्स. ज्या टीमने तुमचं नाव घेतलं तिथे जायचं, नाहीतर या लीगमध्ये खेळायचं नाही. खेळाडूला कुणी विचारत नसे.

त्या वर्षी पहिला नंबर होता मिलवॉकीचा. त्यांनी डिक रिकेट्स नावाच्या खेळाडूला घेतलं. दुसरा नंबर रॉचेस्टर रॉयल्सचा. त्यांनी नाव घेतलं मॉरिस स्टोक्सचं. माझी गोष्ट त्याची आहे.

मॉरिसचा जन्म १७ जून १९३३ चा, अमेरिकेतल्या पिट्सबर्गला लागून असलेल्या रँकिन नावाच्या गावात. वडील पोलादाच्या कारखान्यात कामाला, आई लोकांच्या घरची कामं करायची. दोन भाऊ आणि एक जुळी बहीण. मॉरिस आठ वर्षांचा असताना हे कुटुंब पिट्सबर्गच्या होमवुड भागात राहायला आलं, आणि पुढे तो तिथल्या वेस्टिंगहाउस हायस्कूलमध्ये जाऊ लागला. पहिली दोन वर्षं त्याला सुरुवातीच्या पाचांत जागाच नव्हती. बेंचवर बसून दुसऱ्यांचा खेळ बघायचा. आमच्या टीममधल्या ज्युनिअर मुलींनी हे वाक्य दोनदा वाचावं! मग तो उभा राहिला आणि त्याच्या शाळेने १९५० आणि १९५१ अशी लागोपाठ दोन वर्षं शहराची चॅम्पियनशिप जिंकली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मॉरिस कृष्णवर्णीय होता. १९५० पर्यंत एन.बी.ए.च्या ड्राफ्टमध्ये एकाही काळ्या खेळाडूचं नाव कुणी घेतलं नव्हतं. त्या वर्षी बॉस्टन सेल्टिक्सने दुसऱ्या फेरीत चक कूपरला घेतलं आणि ते दार उघडलं. हा चक कूपर कुठल्या शाळेचा? त्याच वेस्टिंगहाउस हायस्कूलचा! म्हणजे मॉरिस शाळेत असताना त्याच्याच शाळेतून आधी शिकून गेलेला मुलगा त्या यादीत गेला. आपल्या गावचा एक कुणी आय.आय.टी.ला लागला की पाठोपाठच्या पोरांना तो रस्ता आपला वाटायला लागतो, तसंच काहीसं झालं असेल.

शाळेनंतर मॉरिस लोरेटो गावच्या सेंट फ्रान्सिस कॉलेजात गेला. डोंगरातलं छोटंसं कॉलेज, फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी चालवलेलं. मोठ्या नावाचं अजिबात नाही. १९५५ मध्ये न्यूयॉर्कला नॅशनल इन्व्हिटेशन टूर्नामेंट झाली, ती तेव्हा फार मानाची. त्यात हे कॉलेज चौथं आलं. पण स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवड झाली मॉरिसची. चौथ्या आलेल्या टीममधल्या मुलाला हा मान! यावरून काय ते समजा.

आणि मग तो ड्राफ्ट. रॉचेस्टरने पहिल्या फेरीत मॉरिसला घेतलं. दुसऱ्या फेरीत त्यांनी सिनसिनाटी विद्यापीठाच्या एका गोऱ्या मुलाला घेतलं, त्याचं नाव जॅक ट्वायमन. तोही पिट्सबर्गचाच, मॉरिसपेक्षा एक वर्षाने लहान. पुढच्या एका फेरीत एड फ्लेमिंग, तोही वेस्टिंगहाउस शाळेचा. एका शहरातली तीन मुलं एकाच टीमच्या यादीत आली. कुणी ठरवून केलं नाही. यादीच ती, कुणाचं नाव कुणाच्या खाली येईल काही सांगता येत नाही. ट्वायमनचं नाव लक्षात ठेवा.

मॉरिसची उंची ६ फूट ७ इंच, वजन शंभर किलोच्या वर. एवढा धिप्पाड माणूस म्हटला की बास्केटखाली उभा राहून धक्काबुक्की करणारा डोळ्यांपुढे येतो. पण हा गडी चेंडू घेऊन स्वतः मैदानभर धावायचा, आणि पास तर असा द्यायचा की पाच-सव्वापाच फुटी गार्डने लाजावं. आपल्या पहिल्याच सामन्यात, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने ३२ गुण, २० रिबाउंड आणि ८ असिस्ट केले. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : नेम चुकून बोर्डावर किंवा रिंगवर आपटलेला चेंडू झेलला की रिबाउंड, आणि आपल्या पासवर दुसऱ्याने बास्केट केली की असिस्ट.) त्या वर्षीचा सर्वोत्तम नवा खेळाडू अर्थातच तो. दुसऱ्या वर्षी त्याने १२५६ रिबाउंड घेतले. तोपर्यंत लीगमध्ये एका हंगामात इतके कुणीही घेतले नव्हते. त्याआधी पहिल्याच वर्षी एका सामन्यात ३८! आमच्या इंटर-कॉलेजला अख्ख्या टीमचे मिळून तेवढे होत नाहीत. तीन हंगाम तो खेळला आणि तिन्ही वेळा ऑल-स्टार झाला. त्या तीन वर्षांत लीगमध्ये सगळ्यात जास्त रिबाउंड त्याचे, आणि असिस्टमध्ये बॉब कूझी नावाच्या जादूगारानंतर दुसरा नंबर त्याचा. या दोन गोष्टी एकाच माणसात सहसा येत नाहीत.

त्याची किंमत किती होती याचा एक गमतीदार पुरावा १९५६ च्या ड्राफ्टमध्ये सापडतो. त्या वर्षी पहिला नंबर रॉचेस्टरकडे होता आणि समोर बिल रसेल उपलब्ध होता. रॉचेस्टरने त्याला सोडून सिह्यूगो ग्रीनला घेतलं. याची कारणं बरीच सांगतात. त्यातलं एक हे की रिबाउंड घ्यायला आपल्याकडे स्टोक्स आहेच, मग दुसरा कशाला? रसेल फिरत फिरत बॉस्टनला गेला आणि बॉस्टनने त्याच्या १३ हंगामांत ११ वेळा चॅम्पियनशिप जिंकली. लोक आज रॉचेस्टरला हसतात. पण ज्याच्या भरवशावर एखाद्या टीमने बिल रसेलला नको म्हटलं, तो माणूस काय असेल!

१९५७ मध्ये रॉयल्स टीम रॉचेस्टर सोडून सिनसिनाटीला आली. मॉरिसचा तिसरा हंगाम. वय २४. सगळं छान चाललेलं.

१२ मार्च १९५८. हंगामातला शेवटचा सामना, मिनियापोलिसला. मॉरिस बास्केटकडे झेपावला, कुणाचा तरी धक्का लागला, तो खाली आला तो डोक्यावर. काही वेळ शुद्धच नव्हती. आपल्याकडे कांदा हुंगवतात तसं नाकाशी उग्र वासाचं औषध धरून त्याला शुद्धीवर आणलं. आणि मग काय केलं? तो परत खेळायला गेला!

आज आपल्याला हे भयंकर वाटतं. डोक्याला मार लागलेल्या खेळाडूला तपासल्याशिवाय मैदानात सोडायचं नाही, असं रीतसर धोरण एन.बी.ए.ने २०११ मध्ये आणलं. १९५८ मध्ये उठून उभा राहिला म्हणजे बरा झाला, एवढाच हिशोब होता. तीन दिवसांनी डेट्रॉइटला प्लेऑफचा सामना. त्यातही तो खेळला. १२ गुण, १५ रिबाउंड. सामन्यानंतर त्याची तब्येत बिघडत गेली. सिनसिनाटीला परत येताना विमानातच त्याला झटका आला आणि तो बेशुद्ध पडला. विमान उतरताच हॉस्पिटल. मेंदूच्या ज्या भागातून हातापायांना हुकूम जातात त्याला इजा झाली होती. मॉरिस कोमातून बाहेर आला तेव्हा त्याला सगळं कळत होतं, ऐकू येत होतं, आठवत होतं. पण हात हलत नव्हता, पाय हलत नव्हता, शब्द फुटत नव्हता. लीगमधला सगळ्यात ताकदवान माणूस आपल्याच शरीरात कोंडला गेला.

आता व्यवहाराचं. आमच्या घरी बाबा नेहमी म्हणतात तसं, दुखणं एकीकडे आणि बिल एकीकडे. बिलं वाढत होती. मैदानावर जायबंदी झालेल्या माणसाचा वर्षानुवर्षांचा खर्च निघेल अशी काही सोय तेव्हा लीगकडे नव्हती. टीमची विक्री व्हायच्या बेतात. मॉरिसचे स्वतःचे थोडे पैसे बँकेत होते, पण सही करायला हात उठत नव्हता आणि बाकी कुणाला ते काढता येत नव्हते. आईवडील पिट्सबर्गला, साधी कष्टकरी माणसं. हंगाम संपला तसे टीममधले बाकीचे खेळाडू आपापल्या गावी निघून गेले. सिनसिनाटीत बारमाही घर असलेला एक जण होता, तो म्हणजे जॅक ट्वायमन. दुसऱ्या फेरीतला तो मुलगा.

त्याचं वय तेव्हा २३. लग्न झालेलं, उन्हाळ्यात विमा कंपनीत नोकरी करायचा. मॉरिस आणि तो अगदी जिवलग, एका ताटात जेवणारे, असंही नव्हतं. एका गावचे, एका टीमचे, एवढंच. शिवाय एक काळा आणि एक गोरा. अमेरिकेत तो काळ असा की अनेक ठिकाणी काळ्या खेळाडूला टीमसोबत हॉटेलात खोली मिळत नसे आणि जेवायला बसू देत नसत. आपल्याला हे समजायला फार लांब जायला नको. वेगळा पेला, वेगळी पंगत आपल्याकडेही होतीच. अशा काळात ट्वायमन कोर्टात गेला आणि मॉरिसचा कायदेशीर पालक झाला. तेवीस वर्षांचा मुलगा चोवीस वर्षांच्या मुलाचा पालक!

पालक झाला म्हणजे नुसत्या सह्या केल्या नाहीत. कामावर असताना झालेल्या दुखापतीची भरपाई कामगाराला मिळते, तशी बास्केटबॉल खेळणाऱ्यालाही मिळाली पाहिजे, हे त्याने ओहायो राज्यात भांडून पदरात पाडून घेतलं. विचार करा, मैदानाला कारखाना आणि खेळाडूला कामगार म्हणून मान्यता! मॉरिसचे वडील पोलादाच्या कारखान्यात होते हे आठवलं की मला इथे कसंतरीच होतं. भरपाईने सगळं भागणार नव्हतं, म्हणून ट्वायमनने मदतीचे सामने भरवायला सुरुवात केली. न्यूयॉर्क राज्यात माँटिसेलो गावी कुचर्स नावाचं एक मोठं हॉटेल होतं. त्याच्या मैदानावर १९५८ च्या उन्हाळ्यापासून दरवर्षी हा सामना व्हायचा. लीगमधले नावाजलेले खेळाडू येऊन खेळायचे. विल्ट चेंबरलेनसुद्धा यायचा, जो पोरगा असताना त्याच हॉटेलात लोकांच्या बॅगा उचलायला होता. जमलेला पैसा मॉरिससाठी.

आणि बोलायचं कसं? त्यांनी युक्ती काढली. ट्वायमन एकेक अक्षर म्हणायचा, ए, बी, सी, डी... आणि हवं ते अक्षर आलं की मॉरिस पापणी मिटायचा. मग परत ए पासून. आमच्या डेटा स्ट्रक्चर्सच्या मॅडम याला लिनिअर सर्च म्हणतील आणि वेळ फार लागतो म्हणून मार्क कापतील. सव्वीस अक्षरं, एका अक्षराला सरासरी तेरा-चौदा वेळा म्हणायचं, पाच अक्षरी एका शब्दाला सत्तरच्या आसपास. हे मी वहीत मांडून बघितलं. मग रूममध्ये मैत्रिणीबरोबर प्रत्यक्ष करून बघितलं. पाणी एवढा एक शब्द इंग्रजीत सांगायला तिला किती वेळ लागला! मी तर मध्येच कंटाळून अंदाजाने शब्द पुरा केला. ट्वायमनने हे महिनोन्‌महिने केलं.

मॉरिसनेही कमी केलं नाही. वाचताना मला सगळ्यात आवडलं ते हे की या गोष्टीत तो नुसता पलंगावर पडून राहत नाही. तासन्‌तास व्यायाम, रोज, वर्षानुवर्षं. बोट हलायला लागलं. मग टाइपरायटरची कळ दाबता आली. टाइप करता यायला लागल्यावर त्याने ट्वायमनसाठी जे लिहिलं ते आभाराचं होतं. हळूहळू आधाराने उभं राहणं, थोडं थोडं बोलणं, रंगकाम, असं करत तो पुढे जात राहिला. सुट्टीच्या दिवशी ट्वायमनच्या घरी जेवायलाही नेलं जायचं त्याला. रिबाउंड म्हणजे तरी काय? चुकलेला चेंडू पुन्हा हातात घ्यायचा. हॉस्पिटलमध्ये तो बारा वर्षं तेच करत होता, असं मला वाटतं. (हे वाक्य जरा फिल्मी झालं, पण राहू दे.)

ट्वायमनचा खेळ यात मागे पडला असेल असं तुम्हाला वाटेल. उलट! १९५९-६० च्या हंगामात त्याने सामन्यामागे सरासरी ३१.२ गुण केले. एका हंगामात तीसच्या वर सरासरी त्याआधी कुणाचीच नव्हती. त्याच वर्षी चेंबरलेननेही ते केलं, म्हणून ट्वायमनचं नाव झाकलं गेलं. दिवसा हॉस्पिटल, वकील, बिलं, आणि संध्याकाळी तीस गुण. सबमिशनच्या आठवड्यात आपल्याला आंघोळीला वेळ मिळत नाही!

६ एप्रिल १९७० रोजी हृदयविकाराच्या झटक्याने मॉरिस स्टोक्स गेला. वय ३६. त्याच्या इच्छेप्रमाणे लोरेटोला, त्याच्या छोट्या कॉलेजच्या आवारात, फ्रान्सिस्कन धर्मगुरूंच्या दफनभूमीत त्याला पुरलं. तिथल्या क्रीडासंकुलाला त्याचं नाव आहे. १९७३ मध्ये या दोघांवर मॉरी नावाचा सिनेमा निघाला. कुचर्सचा सामना मॉरिस गेल्यावरही चालू राहिला, अडचणीत असलेल्या दुसऱ्या जुन्या खेळाडूंसाठी. ट्वायमन १९८३ मध्ये बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला. मॉरिसला मात्र २००४ पर्यंत थांबावं लागलं. तीनच हंगाम खेळलेला माणूस, म्हणून राहून गेला असेल. त्या दिवशी त्याच्या वतीने तो मान घ्यायला उभा होता जॅक ट्वायमनच, आता सत्तर वर्षांचा. २०१२ मध्ये ट्वायमनही गेला. पुढच्या वर्षी एन.बी.ए.ने सर्वोत्तम सहकाऱ्यासाठी एक वार्षिक पुरस्कार सुरू केला आणि त्याला ट्वायमन-स्टोक्स असं दोघांचं मिळून नाव दिलं. गुण मोजून तो देत नाहीत.

इथे लेख संपायला हवा होता. पण मग मी अर्धंच खरं सांगितलं असं होईल.

फर्स्ट इयरला हॉस्टेलच्या बोर्डावर यादी लागली तेव्हा माझ्या नावाखाली जिचं नाव होतं ती माझी रूम पार्टनर झाली. ती लातूरकडची, मराठी शाळेतली. मी ही अशी. भांडण कधी झालं नाही, पण दोस्तीही नाही. पंखा दोनवर की तीनवर, एवढंच बोलणं. सेकंड इयरला ऐन ओरलच्या तोंडावर तिला कावीळ झाली. अकरा दिवस ती हॉस्पिटलमध्ये होती. मी दोनदा गेले. दोनदाच. त्यातली दुसरी वेळ तर तिचं लायब्ररी कार्ड मागायला, कारण मला हवं असलेलं पुस्तक तिच्या नावावर होतं. तिची आई लातूरहून येईपर्यंत दोन रात्री तिच्या उशाशी कोण बसलं होतं, माहितीये? आपल्या मेसच्या मावशी. पुढेही रोज बिनतेलाची पेज डब्यातून त्याच नेत होत्या. माझी जर्नल्स वेळेत पूर्ण झाली. तिचं वर्ष गेलं.

तेव्हा मला यात काही चुकलं असं वाटलंसुद्धा नव्हतं. ती माझी कोण लागत होती? ट्वायमनबद्दल वाचलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं, की त्याचाही मॉरिस कोण लागत होता? एका यादीत पाठोपाठ नाव, एवढंच ना!

कॅम्पस इंटरव्ह्यूचा सीझन आता सुरू होईल. परत याद्या लागतील, पहिल्या दिवशी कोण, कितीचं पॅकेज, कुणाचं नाव राहिलं. मीही त्या बोर्डासमोर पाय उंचावून उभी असेन, उगाच साधूपणाचा आव आणत नाही. मॉरिसही दुसरा निवडला गेला म्हणून खूश झालाच असेल. फक्त एक आता कळलंय, की रॉचेस्टरने त्या दिवशी यादीतून सगळ्यात मोठा माणूस निवडला तो पहिल्या फेरीत की दुसऱ्या, हे त्यांना स्वतःला तीन वर्षं कळलेलं नव्हतं.

हा लेख लिहून झाल्यावर मी खालच्या मजल्यावर तिच्या नव्या रूमवर गेले. काय बोललो ते इथे लिहीत नाही. तिने चहा केला. आणि हो, लेखातले ऱ्हस्व-दीर्घ तिनेच तपासले आहेत. पहिल्याच पानावर तिला एकोणतीस चुका सापडल्या.

– तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी